दाखल्यावरचा गुरुवार

परबकाकांनी मला वार काढायला शिकवलं, तेव्हा आम्ही बोनकोड्यात हिराबायच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आज तिथे चारमजली इमारतींना इमारती चिकटल्या आहेत आणि दोन घरांमधून छत्री उघडी ठेवून जाता येत नाही, पण त्या वेळी मागच्या दारात उभं राहिलं की भातखाचरं, पुढे मिठागरं आणि त्याच्याही पुढे खाडी दिसायची. दुपारी वारा फिरला की खारट, कुबट वास घरात यायचा. आई त्या वासाला कधी सरावली नाही. ती साताऱ्याकडच्या कोरड्या गावातली. हिराबायने अंगणात सुकट वाळत घातली की आई पदर नाकाला लावून भाकरी थापायची, आणि तासाभराने त्याच सुकटीचं वाटीभर कालवण हिराबाय आणून द्यायची तेव्हा मात्र अण्णा आणि मी वाटी पुसून ते खायचो. अण्णा रबाळ्याला एका रंगाच्या कारखान्यात होते. सायकलने जायचे. पहिल्या पाळीचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा, आणि आईचा सगळा दिवस त्या भोंग्यांवर चालायचा. घरात घड्याळ नव्हतं.

घरात मला बाळे म्हणत. शाळेत माझं नाव मंदा होतं. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण अर्ध्या वर्गाला घरी वेगळं नाव होतं. फक्त एक होतं. इतरांच्या आया रागावल्या की पोरांना शाळेच्या नावाने हाक मारत. माझी आई कितीही रागावली तरी बाळेच म्हणायची. शाळेतली एखादी मैत्रीण दारात येऊन मंदा अशी हाक देऊ लागली, तर आई तिला आत बोलवायची, हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि सांगायची, हळू बोल, आतूनसुद्धा ऐकू येतं.

परबकाका आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. ते कोकणातले, अण्णांच्याच कारखान्यात टाइमकीपर होते. कोण कधी आला, कोण कधी गेला, कोणाची रजा, कोणाचा खाडा, हे सगळं त्यांच्या हातचं. बायको-मुलं गावी होती. रविवारी सकाळी ते कुळथाची पिठी करत आणि ओट्यावर बसून मला गणितं घालत. एकदा त्यांनी विचारलं, देश स्वतंत्र झाला तो वार कोणता? मला कुठलं ठाऊक असणार. मग त्यांनी रीत सांगितली. सालाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे. त्यांना चाराने भागायचं, बाकी सोडून द्यायची, आणि आलेला भागाकार त्यांच्यात मिळवायचा. मग महिन्याचा आकडा मिळवायचा, मग तारीख. जी बेरीज येईल तिला साताने भागायचं. एक उरला तर सोमवार, दोन उरले तर मंगळवार, काहीच उरलं नाही तर रविवार. महिन्यांचे आकडे पाठ करायचे, जानेवारीपासून: शून्य तीन तीन, सहा एक चार, सहा दोन पाच, शून्य तीन पाच. चार वर्षांनी एकदा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा येतो, त्या सालात पहिल्या दोन महिन्यांना एक कमी करायचा. सत्तेचाळीस, त्यात अकरा, ऑगस्टचे दोन आणि पंधरा, झाले पंच्याहत्तर. साताने भागून उरले पाच. शुक्रवार.

मी ते शून्य तीन तीन पाण्याला जाता-येता म्हणत असे. हंडा डोक्यावर, आणि तोंडात सहा एक चार. पंधरा दिवसांत मी काकांपेक्षा वेगाने वार सांगायला लागले. आळीतल्या बायका गंमत म्हणून विचारायला यायच्या. हिराबायने मुलाच्या लग्नाची तारीख विचारली, मी पटकन बुधवार म्हटलं, आणि ती मागे सरकली. "या पोरीच्या अंगात काय तरी हाय," ती आईला म्हणाली. "मी सांगतंय ना कवापासून, ही तुमची न्हायच. मिठागरावून आनलीय, टोपलीभर सुकट देऊन." ती नेहमीच अशी चेष्टा करायची. आईही हसायची. त्या दिवशी आई हसली नाही, हे माझ्या ध्यानात आलं, पण ध्यानात येऊन मी ते सोडून दिलं.

नववीत असताना एक दिवस वर्गात बाईंनी रजिस्टर उघडून प्रत्येकाची जन्मतारीख मोठ्याने वाचली. पुढल्या वर्षी दहावीचे फॉर्म भरायचे होते. त्या फॉर्मवर जी तारीख जाईल ती जन्मभराची, नोकरीतही तीच आणि पेन्शनलाही तीच, म्हणून कोणाची चूक असेल तर आत्ताच आईवडिलांना घेऊन या, असं त्यांनी बजावलं. आमच्या घरी वाढदिवस नव्हते. माझी तारीख मी तोवर कधी नीट ऐकलीच नव्हती. बाईंनी ती वाचली आणि सवयीने माझ्या डोक्यात बेरीज झाली. उरले चार. गुरुवार.

मला वाटलं, चुकले. पुन्हा केली. मधल्या सुट्टीत वहीवर मांडून केली. चारच उरत होते. आणि मी तर सोमवारची होते. हे मला माझ्या नावापेक्षा पक्कं ठाऊक होतं, कारण आईच्या गावचा बाजार सोमवारचा, आणि माझी बडबड वाढली की ती म्हणायची, बाजाराच्या दिवशी जन्मली, गलका घेऊनच आली. अण्णाही तेच सांगायचे. ते बाजाराला गेले होते आणि घरी येऊन बघतात तर मी झालेली.

(ती तारीख मी इथे लिहीत नाही. बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे अजून तीच आहे. आता मोबाइलवर कुठलाही वार निमिषात दिसतो आणि माझ्या नातीला या आकडेमोडीचं काहीच वाटत नाही. मी मात्र मोबाइलमध्येसुद्धा ते साल कधी उघडून पाहिलेलं नाही.)

घरी आल्यावर मी आईला लगेच काही विचारलं नाही. ती कोथिंबीर निवडत होती. मी शेजारी बसले, दोन काड्या निवडल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, मी झाले तेव्हा खरंच बाजार होता का? ती म्हणाली, होता की. तुझे अण्णा बैलासाठी कासरा आणायला गेले होते. मग मी विचारलं, आणि पाऊस होता का? आई म्हणाली, मोप होता. ओढ्याला पाणी आलं म्हणून अण्णा अलीकडे यायला दिवस मावळला, आणि घोंगडं पिळून पिळून आईचे, म्हणजे माझ्या आजीचे, हात दुखले. हे सगळं तिने हसत सांगितलं. दाखल्यावरचा महिना मात्र थंडीचा होता. साताऱ्याकडे त्या महिन्यात ओढे वाहत नाहीत, एवढं मला कळत होतं. एकटा वार चुकता तर मी माझं गणित चुकलं म्हटलं असतं. आता वारही चुकला होता आणि ऋतूही.

मी परबकाकांकडे गेले. तारीख सांगितली, ती माझी आहे हे सांगितलं नाही. एका मैत्रिणीची आहे, तिची आई सोमवार म्हणते, असं म्हटलं. काकांनी डोळे मिटून गुरुवार सांगितला. मग भाजी परतता परतता ते म्हणाले की खेड्यातली माणसं तारीख विसरतात पण बाजाराचा वार विसरत नाहीत, त्यामुळे आई सांगते तेच खरं मानायचं. मी विचारलं, मग तारीख कशी काय वेगळी? काकांनी झारा कढईवर आपटला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दोनच गोष्टी असू शकतात. एक तर कागद खोटा, नाहीतर मुलगी दुसरी."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. मुलगी दुसरी. रात्रंदिवस ते माझ्याबरोबर होतं. हिराबायची सुकटीची चेष्टा आता मला चेष्टा वाटेना. मी आईचे हात बघायची, अण्णांचे कान बघायची आणि नंतर हिराबायच्या आरशाच्या तुकड्यात माझे. माझ्यानंतर आईला मूल झालं नव्हतं, आणि माझ्याआधीही, मला ठाऊक होतं तोवर, झालं नव्हतं. मग मी तरी कशावरून झाले होते? वर्गात मी सगळ्यांत लहानखुरी होते. आईने कधी मंदा म्हटलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट आता दुसऱ्या कशाची तरी खूण झाली. आपल्याला कोणीतरी मागायला येईल, असं मला वाटू लागलं. अनोळखी बाई आळीत शिरली की मी न्हाणीत जाऊन बसायची. एकदा अशीच एक बाई आमच्या दारात उभी राहून आईशी बोलत होती, आणि मी न्हाणीच्या दगडावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. ती बाई बांगड्या विकणारी होती. आईने त्या दिवशी मला हिरव्या बांगड्या भरल्या आणि हात एवढा गार का म्हणून विचारलं.

अशा आठ-दहा दिवसांनी मी पेटी उघडली. आमची एकच पत्र्याची पेटी होती, तिच्यात कागद असत आणि किल्ली आईच्या कमरेला. त्या दुपारी आई हिराबायकडे पापडांना गेली होती. भिजलेलं पीठ कमरेला लागू नये म्हणून किल्ली तिने फळीवर ठेवली होती. पेटीत वर अण्णांचे पगाराचे कागद होते, त्याखाली आईची लग्नातली साडी, आणि साडीच्या घडीत ग्रामपंचायतीचा दाखला. त्यावर मंदा होतं, अण्णांचं नाव होतं, आईचं होतं, आणि तीच तारीख. म्हणजे मुलगी यांचीच होती. मला क्षणभर एवढं बरं वाटलं की रडू आलं. मग दाखल्याखाली हाताला मऊ काहीतरी लागलं. ती लाल खणाची कुंची होती, कपाळावर मणी लावलेली. मणी उसवले नव्हते, पण आतून तेलाचा डाग होता. कोणीतरी ती घातली होती. माझं अंगडं-टोपडं सगळं गावाकडे कोणाकोणाला देऊन टाकलं, असं आई नेहमी सांगायची.

आई दारात केव्हा आली मला कळलं नाही. मी पाठीत धपाटा बसेल म्हणून अंग आखडलं. तिने काहीच केलं नाही. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने कुंची माझ्या हातातून काढून घेतली. बोटांना पापडाचं पीठ होतं, ते लागू नये म्हणून तिने ती मनगटांनी धरली. मला म्हणाली, तू जेव. अण्णा येऊ देत.

अण्णांची पहिली पाळी होती, ते साडेतीनला आले. आईने दाराला कडी लावली. दिवसाउजेडी आमच्या दाराला कडी कधीच लागत नसे. हिराबायने बाहेरून विचारलं, काय झालं गं, तर आई म्हणाली, पोरीला ताप हाय. ते ऐकून मला खरंच हुडहुडी भरली. अण्णा पेटीवर बसले. मी सगळं सांगून टाकलं, बाईंनी तारीख वाचली इथपासून बांगडीवालीपर्यंत. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा हसतील. ते दोन्ही झालं नाही. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

"हे कुणाला बोललीस?"

मी परबकाकांचं नाव घेतलं. अण्णांनी आईकडे पाहिलं. कारखान्यातला प्रत्येक कागद परबांच्या हातून जात होता. मोठं माणूस घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्यामुळे. तोवर मी स्वतःसाठी भीत होते. त्या प्रश्नानंतर मला अण्णांसाठी भीती वाटू लागली, आणि ही भीती पहिलीपेक्षा वाईट होती, कारण हिच्यापासून न्हाणीत लपता येत नव्हतं.

मग आईच बोलली. ती मला बाळे म्हणाली, आणि म्हणाली, मंदा तुझी बहीण. ते नाव तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा आलं. मंदा माझ्या आधीची, थंडीत झालेली. चावडीच्या शेजारीच घर असल्यामुळे तिचा जन्म लगेच नोंदवला गेला. चौदा महिन्यांची असताना, शिमगा झाल्यावर, गोवर आला आणि चार दिवसांत ती गेली. "ती गेली तवा तू माज्या पोटात व्हतीस," आई म्हणाली. "पाचवा लागला व्हता." मंदा गेल्याची नोंद कोणी केली नाही. अण्णा म्हणाले, पोरीला पुरून आल्यावर कोण चावडीवर जातं. मी झाले आजोळी, भर पावसात, आणि माझी नोंद करायचीही राहिली. पुढे अण्णांना रबाळ्याला काम लागलं, आम्ही इकडे आलो. शाळेत घालायची वेळ आली तर दाखला मागितला. गावी जाऊन माझा दाखला काढायचा तर पंच हवेत, तहसील हवी, महिनाभर खाडे हवेत, आणि नोकरी तर अजून कायम झाली नव्हती. पेटीत मंदाचा दाखला होता. अण्णांनी तो दिला.

आईने तेव्हा तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. मेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराला लावलं तर ते याला बोलवून नेतं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. म्हणून तिने ठरवलं की आपण तरी त्या नावाने हाक मारायची नाही. घरात मंदा नावाचं कोणी नाही असं त्या नावाला वाटलं पाहिजे. शाळेतल्या पोरींना ती हळू बोला म्हणायची ते यासाठी. मला साधा खोकला झाला तरी ती रात्रभर उशाशी बसायची, हे मला आठवलं. मला ती माया वाटायची. माया होतीच. पण नऊ वर्षं ती बाई रोज घाबरून जगत होती, आणि मी शेजारी झोपून तिला कधी ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आपणहून परबकाकांकडे गेले. मलाही नेलं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, आता तुमच्या हातात आहे. परबकाका स्टोव्हजवळ बसले होते, त्यांनी स्टोव्ह बंद केला. मग काका माझ्याकडे बघून म्हणाले, मी त्या दिवशी ते बोलायला नको होतं. अण्णांना त्यांनी सांगितलं की मस्टरवर निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा आहे, त्यातला एकही खरा नाही, आणि टाइमकीपरचं काम वेळ लिहायचं, माणसं पकडायचं नाही. पण दहावीचा फॉर्म गेला की मग ब्रह्मदेवालाही तारीख बदलता येणार नाही. बदलायची असेल तर ती याच वर्षी, हेही त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात ते वाशीतल्या एका भटजींकडून जुनं पंचांग घेऊन आले. आईने दुसरा श्रावणी सोमवार सांगितला होता. काकांनी पान काढलं, इंग्रजी तारीख शोधली आणि मला म्हणाले, वार काढ. मी काढला. एक उरला. माझी खरी तारीख मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, काकांच्या हस्ताक्षरात, बिडीबंडलाच्या कागदाएवढ्या चिठ्ठीवर. आईला ती वाचता येत नव्हती, तरी तिने ती हातात धरून बघितली. अण्णांनी तीच चिठ्ठी रात्री चुलीत घातली. घरात दोन तारखा नकोत, म्हणाले. मला ती पाठ झाली होती.

आईचं म्हणणं एकच होतं, नाव बदला, तारीख बदला, माझ्या पोरीला तिचं तिचं द्या. अण्णा चार दिवस टाळत राहिले आणि पाचव्या दिवशी पाळी बदलून, धुतलेला शर्ट घालून माझ्याबरोबर शाळेत आले. हेडसरांसमोर त्यांनी टोपी काढून हातात घेतली. तारीख चुकली आहे, नावही, म्हणाले. सर चांगले होते. त्यांनी रजिस्टर मागवलं, फाइल मागवली, दाखल्याची नक्कल काढली आणि शांतपणे सांगितलं की तारीखही वेगळी, नावही वेगळं, तर ही चूक लिहिण्यातली दिसत नाही.

"मग हा दाखला कोणाचा?" ते म्हणाले.

सरांनी समजावलं की प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांची सही आहे, वर खरी माहिती दिली असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या कोणाचा दाखला दिला असेल तर ते त्यांना वर कळवावं लागेल, आणि पुढे काय होईल ते त्यांच्या हातात राहणार नाही. हे ते धमकावून बोलले नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. अण्णांच्या हातातली टोपी वळत होती. त्यांच्या नखांत रंग होता, साबणाने कितीही घासला तरी न जाणारा. मला पोलीस दिसले, कारखान्याचं फाटक दिसलं, आमच्या खोलीला कुलूप दिसलं. खरं सांगायचं तर मी विचार असा केलाच नाही. भीतीनेच माझं तोंड उघडलं.

मी म्हटलं, सर, अण्णांचा घोळ झालाय. ते माझ्या आतेबहिणीचं बोलतायत. माझी तारीख बरोबर आहे.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौदा-पंधराची दिसत नव्हते, हे त्यांना दिसत असणार. त्यांनी विचारलं, नक्की? विचार कर, पुन्हा बदलता येणार नाही.

"नक्की," मी म्हटलं. "मी गुरुवारची आहे."

त्यांनी फाइल मिटली. अण्णांनी टोपी घातली. येताना बोनकोड्याच्या तळ्यापाशी अण्णा सायकल हातात धरून थांबले. त्यांनी विचारलं, तुझ्या आईला मी काय सांगू? मी म्हटलं, मी सांगते. आईला मी सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. ती घासतच राहिली, एकच तांब्या, कितीतरी वेळ. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले, दप्तर घेतलं, अंगणात उतरले, आणि मागून हाक आली.

"मंदा, डबा राहिला."

मी वळले. आई दारात उभी होती. हाक मारून झाल्यावर तिने पटकन खाली वाकून उंबऱ्याला हात लावला, तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवला आणि बोटं मोडली. पण नंतर ती मला त्याच नावाने हाक मारत राहिली, मुद्दाम, चारचौघांत, आळीभर ऐकू जाईल अशी. पोरीने घेतलंच आहे तर ते आता तिचंच, आपण भिऊन चालायचं नाही, असं ती हिराबायला म्हणाल्याचं मी ऐकलं. तरीही पुढलं वर्षभर मला ताप आला की ती पुन्हा बाळे म्हणायची.

माझी भीती एवढ्या लवकर गेली नाही. दहावीचा फॉर्म, नोकरीचा अर्ज, लग्नाची नोंद, मुलीच्या जन्माच्या वेळचे कागद, प्रत्येक ठिकाणी त्या रकान्याशी माझा हात अडायचा. कोणीतरी बेरीज करील, साताने भागील आणि विचारील, हा दाखला कोणाचा, असं वाटायचं. वार काढणं मी त्या वर्षीच सोडलं. हिराबाय विचारायची, तर विसरले म्हणायची. परबकाकांनी मला पुन्हा एकही तारीख घातली नाही. दोन वर्षांनी ते नोकरी सोडून गावी गेले, आणि जाताना मला एक फाउंटन पेन देऊन गेले.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, मंदाच्या तारखेने, माझ्या हिशेबाने दीड वर्ष आधी. ऑफिसात हार झाला, भाषणं झाली, अठ्ठावन्नच्या वाटत नाही असं सगळे म्हणाले आणि मी हसले. अण्णा आता नाहीत. आई माझ्याजवळ असते, कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये, खिडकीशी खुर्ची टाकून. दुपारी हार घेऊन घरी आले, तिच्या पायाशी बसले, आणि मला कळलं की इतकी वर्षं मी जिचं नाव लावलं, जिच्या तारखेवर पगार घेतला, तिच्याबद्दल मी एकही गोष्ट विचारलेली नाही. भीतीपोटीच विचारलेली नाही. मी विचारलं, आई, मंदा कशी होती?

आईने गुडघ्याच्या थोडं वर हात धरून दाखवला. "एवढी व्हती," म्हणाली. चालायला लागली होती, पण उंबरा ओलांडायला भ्यायची. उंबऱ्याशी येऊन बसायची आणि दोन्ही हात वर करायची. कोणीतरी उचलून पलीकडे ठेवलं की हसायची, आणि लगेच वळून, परत आत यायला पुन्हा हात वर करायची.